चौकटीतली शेवटखूण

सोसायटीच्या थकबाकीची यादी वर्डमध्ये आहे. सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव आणि रक्कम असे तीन रकाने. वार्षिक सभेच्या अहवालासाठी त्यातला रकमेचा रकाना उचलून नव्या तक्त्यात टाकायचा, एवढेच काम. कॉपी केले, पेस्ट केले, आणि एका चौकटीत अख्खा छोटा तक्ता घुसून बसला. नाहीतर भलतीकडेच नव्या ओळी उगवल्या. असे झाले की वर्डच्या नावाने बोटे मोडली जातात. पण नेमके काय उचलले गेले, हे बहुतेक वेळा आपणच पाहिलेले नसते.

ते दिसावे म्हणून होम टॅबवरचे उलट्या इंग्रजी पीसारखे बटण दाबा. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबूनही चालते. आता प्रत्येक सेलमध्ये मजकूर संपतो तिथे एक बारीकसे गोल चिन्ह दिसेल. ही त्या सेलची शेवटखूण. प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला, तक्त्याच्या रेषेबाहेर, अशीच आणखी एक खूण असते. ती ओळीची.

सगळी मेख या खुणांत आहे. सेलमधले ‘४,५००’ एवढे आकडेच माउसने ओढून निवडले आणि खूण बाहेर राहिली, तर फक्त मजकूर जातो. दुसऱ्या सेलमध्ये तो आधीच्या मजकुराशेजारी निमूट बसतो. खूणही निवडीत आली, तर मजकुरासोबत सेलच उचलला जातो. खात्रीने सेल निवडायचा असेल, तर त्याच्या आतल्या डाव्या कडेशी माउस न्या. तिरका काळा बाण दिसला की क्लिक करा. आणि ओळीबाहेरची खूणही निवडीत आली, तर अख्खी ओळ जाते. ती पेस्ट केल्यावर जुन्या ओळीवर बसत नाही, तर कर्सर असलेल्या ओळीच्या वर नवी ओळ म्हणून शिरते. ती खाली हवी असेल तर पुन्हा कट करत बसू नका. ओळीत कर्सर ठेवून ऑल्ट-शिफ्ट धरा आणि खालचा बाण दाबा, ओळ एकेक पायरी सरकते.

आता पेस्टकडे. पाच सेल उचलले असतील तर जिथे टाकायचे तिथलेही पाच सेल, त्याच मांडणीत, आधी निवडा आणि मग पेस्ट करा. जुने पुसून नवे बसते. नुसता कर्सर ठेवून पेस्ट केले की पुढचा अंदाज वर्ड बांधतो, आणि तो चुकला की तक्त्यात तक्ता होतो. अशा वेळी पेस्टच्या बटणाखालचा बाण उघडावा. सेलवर सेल बसवायचे, नव्या ओळी घालायच्या, तक्ता आत ठेवायचा की नुसता मजकूर घ्यायचा, हे पर्याय तिथे मिळतात. माझे मत विचाराल तर तक्त्यात तक्ता ही सोय कुणी मुद्दाम वापरताना क्वचितच दिसते. तिचा त्रास मात्र सगळ्यांना होतो.

एकूण रक्कम सूत्राने काढलेली असेल तर आणखी एक पेच आहे. सेलबरोबर सूत्रही जाते, पण नव्या तक्त्यात आकडा जुनाच दिसत राहतो. तो सेल निवडून एफ-नाइन दाबल्याशिवाय बेरीज नव्याने होत नाही. शिवाय सूत्रात दुसऱ्या रकान्यातल्या सेलचे पत्ते लिहिलेले असतील, तर ते एक्सेलसारखे आपोआप सरकत नाहीत. हाताने बदलावे लागतात. छापण्याआधी हे तपासाच, नाहीतर सभेत एखादा सभासद उभा राहून बेरीज करून दाखवील.

मराठी यादीत फॉन्टचेही पाहावे लागते. यादी श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर ‘नुसता मजकूर’ हा पर्याय तिथे घातक. त्या मजकुराला मराठी रूप देतो तो फॉन्टच. तो गळून पडला की नावांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा घोळ उरतो. मूळ फॉन्ट राखून पेस्ट केले की नावे वाचता येतात, पण बाकीचा अहवाल युनिकोडमध्ये असेल तर शोधताना ती सापडत नाहीत. म्हणून यादी आधी कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणावी, जोडाक्षरे आणि रफार एकदा नजरेखालून घालावेत, आणि मगच सेल उचलावेत.