कार्डाचे गुण आणि कात्रीचा मोह

बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आमच्या पिढीने वहीत जपली. अमेरिकेत अशी खेळाडूंची कार्डे चक्क तपासणीला पाठवतात. १९९१ मध्ये सुरू झालेली ‘पीएसए’ कंपनी कार्डाला १ ते १० गुण देते आणि ते प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते. छपाई मधोमध आहे का, कोपरे, कडा व पृष्ठभाग कसे आहेत, हे पाहिले जाते.

तिने प्रथम तपासलेले कार्ड बेसबॉलपटू होनस वॅग्नर यांचे. त्याला ८ गुण मिळाले. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकले गेले. पुढे २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने कबुली दिली, की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या! नियमाने कापलेल्या कार्डाला गुण मिळतच नाहीत.

तेव्हा घरातल्या मुलाला कार्ड पाठवायचेच असेल, तर पालकांनी एवढे सांगावे : ते घासू नकोस, कापू नकोस. आधी मऊ पारदर्शक पाकिटात, मग जरा ताठ पाकिटात घाल. कोपरा झिजला असेल तर झिजलेलाच राहू दे. दोन गुण कमी पडले तरी चालतील.

पेपर तपासणाऱ्या माझ्यासारख्यालाही यात धडा आहे. तपासणाराही फसू शकतो.