लावलेलं झाड तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

रोटरी असो की लायन्स, सेवाभावी क्लबांचं वर्ष जगभर १ जुलैला सुरू होतं. आपल्याकडे त्याच सुमारास पाऊस लागलेला असतो आणि कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये सुरू केलेला वनमहोत्सवही जुलैच्या पहिल्याच आठवड्यात येतो. त्यामुळे नव्या अध्यक्षांचा पहिला कार्यक्रम कुणी ठरवावा लागत नाही. खड्डे खणले जातात, रोपं लागतात, फोटो निघतात, सोमवारी बातमी छापून येते.

पुढचा मे उजाडतो तेव्हा आपल्या धुळ्याचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे गेलेला असतो. रोपाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते ती याच दिवसांत, आणि नेमकं याच दिवसांत कार्यकारिणीचं वर्ष संपत आलेलं असतं. हिशेब, अहवाल, पदग्रहणाची तयारी यांत रोपाची आठवण कुणाला? जुलैत नवे अध्यक्ष येतात आणि नवे खड्डे खणतात, कधी कधी त्याच जागी. यात कुणाची नियत खोटी नसते. घोळ आहे तो वर्षाच्या रचनेत.

आणि तरीही झाडं जगवायला या क्लबांइतकी योग्य संस्था शहरात क्वचितच सापडेल, असं मला वाटतं. कारण आठवड्याची सभा. पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागोत रोटरीची सुरुवात केली, तेव्हापासून नियमित भेटणं हाच तिचा कणा आहे. २०१६ मध्ये नियम सैल होऊन महिन्यातून दोन सभाही चालतील असं ठरलं, पण आठवड्याची सवय अनेक क्लबांनी सोडलेली नाही. घंटा, राष्ट्रगीत, पाहुण्या वक्त्याचं भाषण, आभार. झाडंही रोटरीला नवी नाहीत. हॅरिस स्वतः परदेश दौऱ्यांत मैत्रीची झाडं लावत. २०१७-१८ चे जागतिक अध्यक्ष इयान रायझली यांनी दर सदस्यामागे एक झाड लावायचं आवाहन केलं होतं. ही परंपरा आहेच. वक्त्याच्या त्या अर्ध्या तासात झाड लावण्यापेक्षा ते सांभाळण्याबद्दल बोललं जावं, एवढंच माझं म्हणणं.

त्या भाषणात काय असावं? सर्वांत आधी लागवडीची खोली. खड्डा रुंद हवा, पण मुळांच्या गोळ्यापेक्षा खोल नको. खोड जमिनीलगत जिथे मुळांकडे पसरत जातं, तो भाग मातीच्या वर दिसायलाच हवा. तो गाडला गेला की साल कुजते आणि झाड चार-पाच वर्षांनी ‘अचानक’ वाळलं असं आपण म्हणतो. मग पाणी. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड फुटातच असतात आणि वाढत्या झाडाची मुळं फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. खोडावर रोज तांब्याभर पाणी ओतून ती पोसली जात नाहीत. घेर वाढेल तसं आळं बाहेर सरकवायचं. पहिल्या उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी, पुढे आठवड्यातून एकदा, पण पोटभर पाणी द्यायचं. जमीन काळी की मुरमाड, यावर थोडा फरक पडेल. बोट मातीत खुपसून पाहावं, आत ओल असेल तर पाणी राखून ठेवावं.

आच्छादनाचं खानदेशात वेगळं शिकवायला नको. पालापाचोळा किंवा बारीक केलेल्या पऱ्हाट्या दोन ते चार इंच जाड पसराव्यात. फक्त खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवावी.

आता ट्री गार्ड. देवपूर असो की साक्री रोड, फिरताना एकदा नीट बघा. सात-आठ वर्षांचा कडुनिंब, त्याच्याभोवती लहानपणीचा लोखंडी पिंजरा तसाच. पट्टी सालीत रुतलेली, तिच्या वर आणि खाली खोड फुगून सालीने लोखंड गिळायला घेतलेलं. साल आणि तिच्यालगतच्या थरातूनच पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरतं. त्या थराला फास बसला की मुळं उपाशी राहतात. पिंजऱ्यावर मात्र देणगीदाराचं नाव स्वच्छ वाचता येतं! गार्ड बसवण्याइतकंच तो वेळेवर काढणंही सेवाकार्यात मोजलं पाहिजे.

मग छाटणी. अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही, ती आतून बंदिस्त करतं. फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो, तिथूनच हा बंदोबस्त होतो. म्हणून कापायचं ते कंगोऱ्याच्या बाहेर, खोडाला घासून नाही. जड फांदी आधी दूरवर खालून अर्धवट कापायची, मग वरून, आणि उरलेला खुंट शेवटी, म्हणजे साल सोलून निघत नाही. जखमेवर डांबर किंवा रंग फासायची गरज नसते. शेंडाच उडवणं तर सर्वांत वाईट. तिथून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि वळवाच्या वादळात तेच आधी मोडतात.

बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायची हौस आपल्याकडेही आली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. धुळ्याला त्यासाठी आदेशाची वाट पाहायचं कारण नाही.

हे सगळं करायचं कुणी? याचं उत्तर आपल्या पांझरा नदीच्या काठावर शतकांपासून आहे. फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतात येतं, ते पाळीपाळीने सोडायला पाटकरी असतो आणि त्याच्यावर गावाची नजर असते. क्लबानेही दहा रोपांमागे एक पाटकरी नेमावा, एका वर्षासाठी नाही, तीन उन्हाळ्यांसाठी. अध्यक्ष बदलले तरी पाटकरी तोच. याच जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने चारशे हेक्टरांवर जंगल राखलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या गावाने प्रामुख्याने काय केलं? कुऱ्हाडबंदी, दंड, राखण आणि वर्षानुवर्षं न मोडलेली पाळी. तोडलेल्या जंगलाला मोकळीक मिळाली, आणि ते उभं राहिलं.

येत्या जुलैत सूत्रं हाती घेणाऱ्या अध्यक्षांना म्हणूनच एक विनंती आहे. नव्या खड्ड्यांचा आकडा जाहीर करण्याआधी मागच्या तीन वर्षांत लावलेल्या रोपांची हजेरी सभेत मोठ्याने वाचा. किती जगली, किती गेली, कोणाकडे होती. आणि पाहुण्या वक्त्याला पुष्पगुच्छ देण्याऐवजी क्लबाने जगवलेल्या एखाद्या झाडाखाली उभं करा.