जुन्या पुस्तकातले कोल्हापूर जमिनीवर कसे शोधायचे?

कोल्हापूर एकेकाळी तळ्यांचे गाव होते. रंकाळा आणि कोटीतीर्थ आजही दिसतात. वरुणतीर्थ मात्र गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई बसली आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. जुन्या पुस्तकातली अशी नावे शोधायची तर जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पडावे. तळे बुजवले तरी सखल जागा सखलच राहते. गांधी मैदानात पावसाचे पाणी साचले की लोक महापालिकेला बोल लावतात. पण पाणी आपल्या जुन्या घरी आलेले असते!

आपल्या तरुणांनी या शोधात का पडावे? कारण कोल्हापुरातला बौद्ध वारसा अशाच विसरलेल्या जागांखाली दडला आहे. १८७७ साली शहरात एका स्तूपाचे अवशेष आणि धातुकरंडक सापडला. सोबतच्या ब्राह्मी लेखात दान देणाऱ्या बम्हाचे आणि ते काम करवणाऱ्या धम्मगुत्ताचे नाव आहे. पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी पाहणाऱ्याला साधे टेकाड वाटते. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. आज त्या टेकाडावर घरे आहेत.

सुरुवात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या चोविसाव्या खंडापासून करावी. तो कोल्हापूरचा असून १८८६ चा आहे. त्यातली इंग्रजी स्पेलिंगे फसवतात. जुन्या इंग्रजी नोंदींतली ‘पवाला’ लेणी म्हणजे जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळ्याची लेणी. नाव जुळले नाही म्हणून जागा नाही असे समजू नये. पुस्तकात दिलेली दिशा, अंतर, जवळचा ओढा किंवा डोंगर ताडून पाहावा. अंतर मैलांत असते, ते दीडपटीहून थोडे जास्त धरले की किलोमीटर मिळतात. मग गावात जाऊन शेताची, पाणंदीची, ओढ्याची नावे विचारावीत. सातबाऱ्यावर नसलेले नाव गुराख्याला माहीत असते.

एक गोष्ट मात्र पुस्तकात सहसा सापडत नाही. तळ्याच्या पायऱ्या, घाट, देऊळ यांचे वर्णन असते. तिथे पाणी कोणाला भरू देत नव्हते, हे नसते. शाहू महाराजांना १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठ्यांवर अस्पृश्यता पाळू नये असा हुकूम काढावा लागला, यावरून काय ते समजावे. आपल्या वस्तीतल्या आजी-आजोबांना विचारा: तुमच्या आईने पाणी कुठून आणले? ते उत्तर लिहून घेणे ही या कामातली सर्वात तातडीची बाब आहे, कारण माणसे थांबत नाहीत.

एक सावधगिरी. प्रत्येक टेकाड स्तूप नसते आणि प्रत्येक गुहा विहार नसते. विटा, लेख, खापरे असा पुरावा असेल तेवढेच म्हणावे. स्वतः उकरू नये. फोटो, तारीख आणि गट क्रमांक टिपून पुरातत्त्व विभागाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.