सोडवत नाहीं आणि सोसवतहि नाहीं

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण लहानपणीं ऐकतों आणि मोठेपणीं नोकरीच धरतों. यांत आपला दोष नाहीं. ज्या घरांपाशीं शेत नव्हतें व व्यापाराला भांडवल नव्हतें, त्यांना विद्या हेंच वतन आणि पगार हेंच पीक. माझ्या घराण्याच्या तीन पिढ्या पगारावरच पोसल्या. तेव्हां नोकरीची निंदा करावी, असा माझा हेतु नाहीं. जी नोकरी मनास जाळते, परंतु जी सोडली असतां घर अडेल अशी भीति वाटते, तिच्यांत मनुष्यानें कसें निभवावें, आणि विशेषतः त्याच्या घरच्यांनीं काय करावें, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न मला पुस्तकांत भेटला नाहीं; आमच्याच झोंपाळ्यावर भेटला.

आमचें कुटुंब एकत्र आहे. मी, धाकटा बंधु, आम्हां दोघांच्या गृहिणी, पुतण्या, त्याची पत्नी व दोन मुलें असे आठ जण पुण्यांत एका छताखालीं राहतों. जुनी जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां “मोठी जागा घे, सगळे एकत्र राहूं,” असा आग्रह मीच धरला. पुतण्या एका बँकेंत अधिकारी आहे. त्यानें वीस वर्षांच्या मुदतीचें कर्ज काढलें, आणि आम्हीं वास्तुशांतीच्या पुरणपोळ्या खाल्ल्या.

गेल्या माघांतली गोष्ट. पहाटे चार वाजतां उठण्याची मला संवय आहे. बाहेरच्या खोलींत येतों तों पुतण्या अंधारांत झोंपाळ्यावर बसलेला. अंगावर कचेरीचे कपडे, पायांत मोजे, हातांत मोबाइल. मीं दिवा लावला.

“अरे, एवढ्या पहाटे कोठें निघालास?”

“कोठेंच नाहीं, अण्णा. तीन वाजल्यापासून जागा आहें. कपडे केले, पण दाराकडे पाऊलच उचलत नाहीं.”

“बरें वाटत नाहीं का?”

“सोमवार आहे, अण्णा,” एवढेंच तो म्हणाला.

मग तो बोलूं लागला. तीन वर्षें जें त्यानें घरांत कोणासहि सांगितलें नव्हतें, तें उजाडेपर्यंत सांगितलें. बँकेचें काम म्हणजे ठेवी घेणें व कर्जें देणें, अशी माझी समजूत. त्याला मात्र दरमहा अमुक इतक्या विम्याच्या पॉलिसी खपविण्याचें टार्गेट असे. संध्याकाळीं सात वाजतां वरिष्ठ सर्व शाखांना एकदम मोबाइलच्या पडद्यावर बोलावीत, आणि ज्याचा आंकडा कमी, त्याचा सर्वांदेखत पाणउतारा करीत.

“परवां एक आजीबाई आल्या होत्या,” तो म्हणाला. “दीड लाख रुपये ठेवींत ठेवायचे होते. मीं त्यांना पॉलिसी दिली. दरसाल तेवढेच पैसे पुन्हां भरावे लागतील, हें नीट सांगितलेंच नाहीं. त्या मला ‘बाळा’ म्हणत होत्या, अण्णा.”

‘मग सोडून कां देत नाहींस?’ हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले आणि तेथेंच थांबले. ज्या भिंतींच्या आंत आम्ही बसलों होतों, त्याच भिंतींनीं त्याला बांधून ठेवलें होतें. आणि त्या भिंतींचा आग्रह माझा होता.

पुष्कळ काम केल्यानें मनुष्य दमतो. परंतु दमणें निराळें आणि खचणें निराळें. मी शिक्षक असतांना परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांनीं मान मोडून जाई. पण झोंप कधीं मोडली नाहीं. कोणता गठ्ठा आधीं घ्यावा व केव्हां थांबावें, हें माझ्या हातीं होतें. जेथें कष्ट पुष्कळ आणि हातीं कांहींच नाहीं, तेथें मन खचतें. गप्प बसावें तरी दोष व बोलावें तरी दोष, ही सेवकाची कोंडी भर्तृहरीनेंहि नीतिशतकांत वर्णिली आहे. आधुनिक संशोधन तिकडेच बोट दाखवितें. लंडनमधील सरकारी नोकरांच्या प्रकृतीची ‘व्हाइटहॉल’ नांवाची पाहणी १९६७ सालीं सुरू झाली, व दुसरी १९८५ सालीं. दुसरींत दहा हजारांवर स्त्रीपुरुष होते. मायकेल मार्मट व त्यांचे सहकारी यांना असें आढळलें कीं, आपल्या कामावर ज्यांचा ताबा थोडा, त्यांना हृद्रोगाचा धोका अधिक. कामाचे तासहि निरुपद्रवी नाहींत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या मानानें ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यास पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनीं अधिक असतो.

लंडनच्याच एका जुन्या कारकुनाची कथा मला त्या दिवसांत वारंवार आठवली. चार्ल्स लॅम हा इंग्रज निबंधकार १७९२ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, ईस्ट इंडिया कंपनीच्या तेथील कचेरींत जमाखर्चाच्या कामावर लागला. १७९६ सालीं त्याच्या बहिणीच्या, मेरीच्या, हातून वेडाच्या भरांत आईचा प्राण गेला. तिला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळांत न ठेवतां तिची जबाबदारी चार्ल्सनें स्वतःवर घेतली. तिचे झटके पुन्हां पुन्हां येत; पैसा लागे; नोकरी सोडण्याचा मार्ग उरला नाहीं. कचेरीचा त्याला किती कंटाळा होता, हें त्याच्या पत्रांवरून दिसतें. तरी तो तेथें तेहतीस वर्षें टिकला व १८२५ सालीं पेन्शन घेऊन सुटला. टिकला कशाच्या बळावर? आठवड्यांतील एक संध्याकाळ त्यानें मित्रांच्या बैठकीसाठीं राखून ठेवली होती. उरलेल्या वेळांत तो लिहीत असे. आणि १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या कथा तर त्यानें मेरीच्याच सोबतीनें लिहिल्या. जिच्यासाठीं तो बांधला गेला होता, तीच त्याच्या उद्योगांत भागीदार झाली. मला या कथेंतील मर्म येथें दिसतें.

आमच्या घरीं नेमकें याच्या उलट चाललें होतें. ज्यांच्यासाठीं पुतण्या सोशीत होता, त्या आम्हां सातांपैकीं एकासहि त्याची वार्ता नव्हती. त्या रविवारीं जेवणें झाल्यावर मीं सर्वांस बसविलें, एक कोरी वही काढली, आणि घराचा हिशेब प्रथमच सर्वांच्या समोर मांडला. पुतण्याचा हातीं येणारा पगार ८६,००० रुपये. घराचा हप्ता ४१,०००. मोटारीचा हप्ता ११,०००. घरहप्ता धरून अत्यावश्यक खर्च ६७,०००. मग माझ्या बंधूनें हळूच सांगितलें कीं, त्याच्या पेन्शनीतून दरमहा १८,००० शिल्लक पडतात; नातीच्या लग्नासाठीं तो ते सांठवीत होता. नात दुसरींत आहे.

“अरे, तिच्या लग्नाला वीस वर्षें आहेत,” तो मुलाला म्हणाला, “आणि तुझी झोंप आजची आहे. मला एका शब्दानें सांगायचेंस!”

“तुम्हांला वाटेल, मुलगा कमी पडला,” पुतण्या म्हणाला.

सूनबाईनें डोळे पुसले व म्हणाली, “मोटार विकून टाकूं. कचेरींतल्या सगळ्यांपाशीं आहे म्हणून घेतली ती. आपल्याला बस पुरते.”

मोटार विकून तिचें कर्ज फेडल्यास ११,००० व बंधूचे १८,००० मिळून दरमहा २९,००० बाजूला पडतात. चौदा महिन्यांत ते ४,०६,००० होतात. म्हणजे सहा महिन्यांचा अत्यावश्यक खर्च. ‘नोकरी सोडतां येत नाहीं’ हें वाक्य तीन वर्षें त्या मुलाच्या उरावर बसलें होतें. वहीनें तें ‘चौदा महिने सोडतां येत नाहीं’ असें करून दिलें. मुदत माहीत असलेला कैदी निराळ्या चालीनें चालतो.

दुसऱ्या दिवशीं तो कामावर गेला. मात्र कचेरी सुटल्यावर प्रथम त्या आजीबाईंच्या घरीं गेला. विम्याची पॉलिसी हातीं पडल्यापासून तीस दिवसांच्या आंत ती परत करण्याचा ग्राहकास हक्क असतो; तो त्यानें त्यांना सांगितला व अर्ज लिहून दिला. त्या महिन्याचा त्याचा आंकडा आणखी घसरला, बोलणीं खावीं लागलीं. पण त्या रात्रीं तो झोंपला. नंतर त्यानें बदलीसाठीं लेखी विनंति केली. तीन महिन्यांनीं हिशेब तपासण्याच्या विभागांत जागा मिळाली, बढती हुकली. तेथेंहि काम थोडें नाहीं, परंतु सात वाजतांचें तें बोलावणें नाहीं. नोकरी पुढें सोडावयाची कीं नाहीं, हें तो चौदा महिने भरल्यावर ठरविणार आहे.

प्रत्येक घरांत बंधूची पेन्शन नसते, हें मी जाणतों. कोठें मुदत चौदा महिन्यांची निघेल, कोठें पांच वर्षांची. तरी ती काढावी, आणि एकट्यानें न काढतां सर्वांनीं मिळून काढावी. हातीं असेल तेवढा ताबा सोडूं नये: खोटें काम शक्य तेथें नाकारावें, विनंति तोंडीं न करतां लेखी करावी, आठवड्यांतील एक संध्याकाळ तरी मोबाइल बंद करून आपल्या माणसांसाठीं राखावी. झोंप व अन्न कित्येक दिवस नकोसें झालें, किंवा जगणेंच नकोसें वाटूं लागलें, तर त्यास मनाचा कमकुवतपणा न समजतां डॉक्टरांकडे जावें. सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेंत १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठींतूनहि बोलतां येतें.

वडीलधाऱ्यांना मात्र माझी एक निराळी विनंति आहे. मुलगा वा सून कामावरून आली कीं आपण पगार, बढती व सुट्टी यांची चौकशी करतों. त्याऐवजीं कधीं तरी ‘झोंप लागते ना?’ असें विचारावें, आणि उत्तर ऐकण्यास बसावें. तीन वर्षें मी तें विचारलें नाहीं; उलट चार लोकांत त्याच्या हुद्द्याचा अभिमान मिरविला. त्या अभिमानाचा हप्ता तो भरीत होता.

अजूनहि मी पहाटे चारला उठतों. बाहेरच्या खोलींत येऊन प्रथम झोंपाळ्याकडे पाहतों. तो रिकामा असतो.