रोफेकॉक्सिब : पोट सावरले, हृदयाचे काय?

आमवाताचा किंवा संधिगत वाताचा रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा वेदनाशामक गोळ्या चालू असतानाच. त्या गोळ्यांनी पोट बिघडते, एवढे त्याला ठाऊक असते. हृदयाविषयी तो क्वचितच विचारतो. रोफेकॉक्सिब, म्हणजेच अमेरिकेच्या मर्क कंपनीचे ‘व्हायोक्स’, या औषधाचा इतिहास वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी ध्यानात ठेवावा तो याचसाठी.

ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखून वेदना शमवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. पुढे १९९० च्या सुमारास असे आढळले की ही निर्मिती करणारी एन्झाइमे दोन आहेत. कॉक्स-१ जठराच्या आवरणाचे रक्षण करते, तर कॉक्स-२ प्रामुख्याने शोथाच्या ठिकाणी वाढते. मग केवळ दुसरेच रोखले तर? कल्पना खरोखरच सुंदर होती. तिच्यातूनच सेलेकॉक्सिब व रोफेकॉक्सिब जन्मास आली. मे १९९९ मध्ये रोफेकॉक्सिबला अमेरिकेत मान्यता मिळाली.

२००० साली ‘व्हिगर’ चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८,०७६ आमवाती रुग्णांपैकी निम्म्यांना रोफेकॉक्सिब आणि निम्म्यांना नॅप्रोक्सेन देण्यात आले होते. जठरातील व्रण, रक्तस्राव आदी उपद्रव निम्म्याहून कमी झाले. परंतु हृदयविकाराचे झटके नॅप्रोक्सेनच्या गटात ०.१ टक्का, तर रोफेकॉक्सिबच्या गटात ०.४ टक्के होते. रोफेकॉक्सिब घातक नसून नॅप्रोक्सेनच हृदयाचे रक्षण करते, असे स्पष्टीकरण पुढे करण्यात आले. निष्क्रिय गोळी घेणारा तिसरा गट चाचणीत नव्हता. त्यामुळे हे म्हणणे तेथल्या तेथे खोडता येईना. शिवाय रोफेकॉक्सिब गटातील आणखी तीन झटके त्या लेखात आलेच नव्हते. डिसेंबर २००५ मध्ये त्याच नियतकालिकाच्या संपादकांनी याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली.

वास्तविक कारणाची दिशा आधीच दिसू लागली होती. रक्तवाहिन्यांतील प्रोस्टासायक्लिन रक्त गोठू देत नाही, आणि त्याच्या निर्मितीत कॉक्स-२ चा मोठा वाटा आहे. रक्तबिंबिकांतील थ्रॉम्बॉक्सेन याच्या उलट कार्य करते. ते कॉक्स-१ पासून बनते. एकच एन्झाइम रोखले की पारडे गोठण्याच्या बाजूला झुकते. गॅरेट फिट्झगेराल्ड यांच्या गटाने प्रोस्टासायक्लिन घटल्याची चिन्हे १९९९ मध्येच नोंदवली होती. आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत बोचरी बाब हीच आहे.

अखेर प्रश्न सुटला तो सांधेदुखीशी संबंध नसलेल्या एका चाचणीतून. आतड्यातील पॉलिप रोखता येतात काय, हे पाहण्यासाठी २,५८६ जणांवर ‘ॲप्रूव्ह’ चाचणी चालू होती. तिच्यात निष्क्रिय गोळीचा गट होता. अठरा महिन्यांनंतर रोफेकॉक्सिबचा धोका उघड झाला आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने औषध जगभरातून मागे घेतले. भारतातही त्याच वर्षी डिसेंबरात त्यावर बंदी आली. २००५ मध्ये वाल्डेकॉक्सिबवरही आली. दाव्यांपोटी मर्कने २००७ मध्ये ४.८५ अब्ज डॉलरची तडजोड केली.

हे वाचून आपल्यापैकी कोणी सुखावू नये. आपल्या किती गुग्गुळकल्पांची अडीच हजार रुग्णांवर वर्षानुवर्षे अशी तपासणी झाली आहे? आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २००८ पासून आहे. तिच्याकडे संशयित घटना कळवण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

सेलेकॉक्सिब व एटोरिकॉक्सिब आजही विकली जातात. हृद्रोग किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या, तसेच रक्तदाब आटोक्यात नसलेल्या रुग्णाला जुन्याच चिठ्ठीवर एटोरिकॉक्सिब पुन्हा देणे दुकानदाराने टाळावे व त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. वैद्यांनी केसपेपरवर चालू गोळीचे नाव, मात्रा व कालावधी लिहावा. हृद्रोग्याची अल्पमात्रेतील ॲस्पिरिन मात्र ‘तीही वेदनाशामकच’ म्हणून परस्पर बंद करू नये.

आणि एका दिवसात गुडघे मोकळे करणारे बिननावाचे ‘आयुर्वेदिक’ चूर्ण रुग्णाने दाखवले, तर त्यात डायक्लोफेनॅक वा स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यावा. स्टेरॉइड दीर्घकाळ पोटात गेले असेल, तर ते एकाएकी थांबवण्यातही जिवाला धोका असतो. अशा रुग्णाला तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे आणि उरलेले चूर्ण वेष्टनासह अन्न व औषध प्रशासनाच्या स्वाधीन करावे.