दोन-दोन लाइन असूनही एनएसई चार तास बंद का होतं?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार थांबले. दलाल स्ट्रीटवरच्या बीएसईत खरेदी-विक्री चालू होती, पण सकाळी एनएसईवर सौदे केलेले लोक अडकून पडले. त्यात वायदे बाजाराची महिन्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. एनएसई पुन्हा सुरू झालं ते दुपारी ३.४५ ला.

मग एवढ्या मोठ्या एक्स्चेंजकडे बॅकअप नव्हता का? होता. दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन होत्या.

बॅकअप चालतो कसा?

ऑफिसमधले कॉम्प्युटर केबलने ज्या डब्याला जोडलेले असतात, तो नेटवर्क स्विच. एकच स्विच असेल आणि तो बंद पडला, तर सगळं ठप्प. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन स्विच आणि दोन केबल ठेवतात. एक वाट तुटली की काम आपोआप दुसरीवर जातं. याला म्हणतात फेलओव्हर.

पण नुसती जादा केबल लावून भागत नाही. दोन स्विच दोन केबलनी जोडले की वर्तुळ तयार होतं. काही संदेश त्यात गोल गोल फिरत राहतात आणि नेटवर्क तुंबतं. यावर रेडिया पर्लमन या अमेरिकी संशोधक महिलेने १९८५ मध्ये उपाय काढला, स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. यात स्विच एक केबल स्वतःच अडवून ठेवतात आणि पहिली तुटली की ती उघडतात. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागायचे. नव्या 'रॅपिड' पद्धतीत हे बरंच लवकर होतं.

मग घोळ कुठे झाला?

एनएसईच्या स्पष्टीकरणानुसार, त्यांच्या दोन केंद्रांमधल्या मार्गावर रस्त्याचं खोदकाम आणि बांधकाम चालू होतं. त्यामुळे दोन्ही कंपन्यांच्या लाइन बिघडल्या. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लाइन गेल्या तरी मुख्य केंद्रातली डेटा साठवणारी यंत्रणा चालू राहायला हवी होती. ती राहिली नाही. त्यामुळे जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली आणि व्यवहार थांबवावे लागले.

मुंबईकरांना हे पटकन कळेल. मध्य रेल्वे रखडली की परळला उतरून पूल ओलांडायचा आणि प्रभादेवीहून पश्चिम रेल्वे पकडायची. हा झाला बॅकअप. पण २६ जुलै २००५ च्या पावसात दोन्ही रेल्वे बंद पडल्या. मार्ग दोन होते, पाऊस एकच होता.

तुमच्या ऑफिसमध्ये काय बघाल?

• दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर आहेत का?
• दोन्ही कंपन्यांच्या केबल इमारतीत एकाच पाइपमधून येतात का?
• सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना कळवून, मुख्य केबल मुद्दाम काढून पाहिली आहे का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर बॅकअप आहे एवढंच माहीत आहे. तो चालतो की नाही, हे अजून कळायचं आहे.