होंबुर्ख द्यूतगृह

होंबुर्ख द्यूतगृह : जर्मनीच्या हेसे राज्यातील एक लहान परंतु इतिहासप्रसिद्ध द्यूतगृह (कॅसिनो). ते फ्रँकफुर्टच्या उत्तरेस टाउनस डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या बाट होंबुर्ख या आरोग्यस्थानी आहे. मॉन्टी कार्लो येथील जगप्रसिद्ध द्यूतगृहाची पूर्वपीठिका येथे आढळत असल्याने त्यास ‘मॉन्टी कार्लोची जननी’ असे म्हटले जाते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होंबुर्ख ही हेसे-होंबुर्ख या छोट्या व कर्जबाजारी संस्थानाची राजधानी होती. १८३४ मध्ये येथे औषधी पाण्याच्या झऱ्याचा शोध लागला. तथापि स्नानगृहे, उद्याने इ. सोयींसाठी पैसा नव्हता. फ्रान्समध्ये १८३७ च्या अखेरीस सार्वजनिक जुगारगृहे बंद झाली होती. या संधीचा लाभ घेऊन फ्रान्स्वा व लूई ब्लां या जुळ्या फ्रेंच बंधूंनी संस्थानिकाशी करार केला आणि १८४१ मध्ये येथे खेळ सुरू केला. करारानुसार जुगाराच्या परवान्याच्या मोबदल्यात त्यांनी स्वखर्चाने कूरहाउस ही करमणुकीची व विश्रांतीची वास्तू उभारली. ती १८४३ मध्ये खुली झाली.

रूले व त्याचे गणित : ब्लां बंधूंनी १८४३ मध्ये एकच शून्य असलेले रूलेचे चक्र प्रचारात आणले, असे सामान्यतः मानले जाते. या चक्रावर शून्यासह ३७ घरे असतात. एका अंकावर लावलेला डाव जिंकल्यास पणाच्या ३५ पट रक्कम मिळते. सर्व घरांवर प्रत्येकी एक नाणे लावल्यास ३७ नाणी खर्ची पडून पणासह ३६ परत येतात. म्हणजे संचालकांचा लाभ सु. २·७ टक्के होतो. दोन शून्यांच्या चक्रावर तो सु. ५·३ टक्के असतो. हे प्रमाण क्षुल्लक भासते. परंतु जिंकलेली रक्कम पुन्हापुन्हा पणास लावली गेल्याने प्रत्येक फेरीत ते नव्याने आकारले जाते. एखाद्याचे नशीब फळफळले, तरी दीर्घकाळात लाभ चालकांचाच ठरलेला असतो.

रशियन कादंबरीकार डॉस्टोव्हस्की याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. जुगाऱ्याच्या मनोवृत्तीचे भेदक चित्रण करणारी कादंबरी त्याने १८६६ मध्ये पूर्ण केली. तरीही १८६७ च्या मे महिन्यात नवविवाहित पत्नीस ड्रेस्डेन येथे ठेवून तो होंबुर्खला आला, सर्व पैसे हरला आणि त्याला घड्याळही गहाण टाकावे लागले. व्यसनाची जाण ही व्यसनमुक्ती नव्हे, हे यावरून दिसते.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : फ्रान्स्वा ब्लां याने १८६३ मध्ये मोनाकोतील जुगाराचा परवाना मिळविला व होंबुर्ख येथील अनुभव तेथे उपयोगात आणला. १८६६ मध्ये होंबुर्ख प्रशियात विलीन झाले. प्रशियाच्या १८६८ च्या कायद्यान्वये १८७२ च्या अखेरीस द्यूतगृह बंद पडले. त्यानंतर नगराने औषधी जल व क्रीडा यांवर भर दिला. ब्रिटिश युवराज (नंतरचा सातवा एडवर्ड) येथे वारंवार येई. त्याच्यामुळे ‘होंबुर्ख’ टोपी लोकप्रिय झाली. मूळ कूरहाउस दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. १९४९ मध्ये द्यूतगृह पुन्हा सुरू झाले.

प्रेक्षणीय स्थळे : प्रसिद्ध उद्यानरचनाकार पेटर योझेफ लेने याने आखलेले विस्तीर्ण उद्यान, त्यातील झरे, कैझर व्हिल्हेल्म स्नानगृह तसेच सयामचा राजा चुलालाँगकॉर्न याने १९०७ मधील येथील उपचारांनंतर कृतज्ञतेपोटी भेट दिलेला थाई मंडप ही येथील प्रमुख आकर्षणे होत.